माई विचारतात, "किती वाढू?"

श्रोतेहो, नमस्कार.

आज बोलायचं आहे ते वजन कमी करण्याच्या शस्त्रक्रियेबद्दल. बॅरिॲट्रिक सर्जरी म्हणतात ती. माझी ती झालेली आहे, म्हणून बोलते. मी डॉक्टर नाही, सांगली जिल्ह्यातल्या एका शाळेत शिकवते. तेव्हा औषधपाण्याचं जे काही असेल ते तुमच्या डॉक्टरांनाच विचारा. मी सांगणार आहे ते दवाखान्यातून घरी आल्यानंतरचं. ऑपरेशन माझ्या एकटीचं झालं, पण पथ्य सगळ्या घराचं झालं. हे वाक्य मी पुन्हा म्हणणार आहे, कारण मला सांगायचं आहे ते एवढंच आहे.

तेव्हा माझं वजन होतं ११४ किलो आणि उंची पाच फूट दोन इंच. बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजन किती ते सांगणारा आकडा, ४६. मधुमेह होता. झोपेत श्वास अडायचा, त्यामुळे रात्री नाकावर मशीन लावावं लागायचं. वरच्या मजल्यावरच्या वर्गात पोचले की फळ्याकडे तोंड करून आधी दम घ्यायचा आणि मग मुलांकडे वळायचं. आपल्याकडे सर्जन बरीच वर्षं असा निकष धरत आले, की बीएमआय ३७.५ च्या पुढे असेल, किंवा मधुमेहासारखा आजार जोडीला असून ३२.५ च्या पुढे असेल, तर या ऑपरेशनचा विचार करायचा. २०२२ साली आंतरराष्ट्रीय संघटनांनी या मर्यादा आणखी खाली आणल्या. विम्याचे आकडे मात्र वेगळे असतात. तिथे साधारण ४० लागतो, किंवा ठरावीक गंभीर आजार असतील तर ३५. त्यामुळे पॉलिसी आधी नीट वाचून घ्या.

"तोंडावर ताबा ठेवला असता तर ही वेळ आली नसती," असं मला पुष्कळांनी ऐकवलं. त्यांना मी शांतपणे सांगते, की लठ्ठपणा हा आजार आहे. जठराच्या वरच्या भागात घ्रेलिन नावाचं संप्रेरक तयार होतं, ते मेंदूला भूक लागल्याचं कळवतं. उपाशी राहून वजन उतरवलं की हे संप्रेरक वाढतं, भूक आणखी पेटते आणि उतरलेलं वजन परत चढतं. यात आळस कुठे आला? आणि त्या पावडरींच्या जाहिराती, महिन्यात दहा किलो म्हणे! माणसाच्या लाजेवर पैसे मिळवणं मला अत्यंत वाईट वाटतं, आणि हे मी कुठेही बोलायला तयार आहे.

माझं ऑपरेशन झालं त्याचं नाव स्लीव्ह गॅस्ट्रेक्टॉमी. दुर्बिणीतून करतात. जठराचा पाऊण हिश्श्याहून अधिक भाग काढून टाकतात आणि एक अरुंद नळी शिल्लक राहते. काढलेल्या भागाबरोबर घ्रेलिन तयार करणारा बराचसा भागही जातो, म्हणून भूकच कमी लागते. त्याआधी यकृत आकसावं म्हणून काही दिवस पातळ आहारावर ठेवतात. पोटात वायू भरून ऑपरेशन करतात, त्यामुळे नंतर कधी कधी पोटापेक्षा खांदा जास्त दुखतो. हे आधी कुणी सांगितलं नाही तर माणूस घाबरतो, म्हणून सांगून ठेवते. त्याच संध्याकाळी उठवून चालवतात, पायात रक्ताची गाठ होऊ नये म्हणून. चाला म्हटलं की चालायचं, कितीही नको वाटलं तरी.

दवाखान्यांबद्दल एक बोलून घेऊ का? वजनाच्या तपासणीला आलेल्या माणसांना बसायला दोन्ही बाजूंना हात असलेल्या अरुंद खुर्च्या ठेवतात. मी एका ठिकाणी सगळा वेळ उभी राहिले. साधा बिनहाताचा बाक ठेवायला किती खर्च येतो?

असो. आता घरी येऊ. घरी आल्यावर माईंबद्दल सांगायला हवं.

माई म्हणजे माझ्या सासूबाई. सगळा गाव त्यांना माईच म्हणतो. गावात लग्न असो, बारसं असो, वास्तुशांत असो, पंगतीत वाढायला माई हव्यातच. आणि माई वाढायला उभ्या राहिल्या की ताटावर आडवा हात धरून उपयोग नसायचा. हाताच्या कडेनं पोळी ताटात यायचीच. "एवढ्यानं काय होतंय?" हे त्यांचं ठरलेलं वाक्य. त्यांचं लहानपण फार ओढगस्तीत गेलं. घरात भाकरी मोजून मिळायची. त्यामुळे समोरच्याचं ताट भरलेलं दिसलं की त्यांना बरं वाटायचं. त्यांची माया हातातल्या डावात होती. ऑपरेशनला त्यांचा विरोध होता. "देवानं दिलेलं पोट कापून घेतात का कुणी?" एवढं म्हणाल्या आणि देवघरात जाऊन बसल्या.

मी घरी आले तेव्हा आहारतज्ज्ञांनी कागद दिला होता. आधी नुसतं पाणी, नारळपाणी, मुगाचं गाळलेलं कढण. ३० मिलि घ्यायचं, तेही घोटघोट, पंधरा मिनिटांनी पुन्हा ३० मिलि. मग पातळ, मग घोटलेलं, मग मऊ, मग नेहमीचं. कागद फ्रिजवर लावला. माई त्याच्याकडे बघायच्या आणि काही न बोलता निघून जायच्या.

घोटलेल्या आहाराचे दिवस होते. माई वरण घेऊन आल्या. वाटीत त्यांनी मऊ भात कुस्करून घातला होता आणि मापापेक्षा दोन चमचे जास्त. मायेनं. पुढ्यात बसून भरवलं. तो शेवटचा चमचा गेला आणि छातीच्या मधोमध असं दाटून आलं, की मला ना बोलता येईना ना आडवं होता येईना. तोंडाला फेसाळ पाणी सुटलं आणि मग उलटी. माईंनी माझी पाठ धरली होती, त्यांचा हात थरथरत होता. फोनवर डॉक्टरांनी विचारपूस करून घेतली. तसा धोका नव्हता. पण माई त्या रात्री जेवल्या नाहीत.

सकाळी उठून बघते तर स्वयंपाकघरातल्या घड्याळासमोर माई खुर्ची टाकून बसलेल्या. हातात नातवाच्या खोकल्याच्या औषधाचं ते रेषा असलेलं प्लॅस्टिकचं माप. मला म्हणाल्या, "कागद वाच. सावकाश वाच." मी वाचला. त्यांनी पुन्हा वाचायला लावला. त्या दिवसापासून माझं प्रत्येक खाणं त्या मापातून आलं. कढण त्या स्वतः दोनदा गाळायच्या. पाणी जेवणाबरोबर प्यायचं नाही, अर्ध्या तासाचं अंतर ठेवायचं, हे मी एखाद्या वेळी विसरायचे, त्या विसरल्या नाहीत. तांब्या उचलून घेऊन जायच्या. ऑपरेशन माझं झालं, पथ्य माईंनी पाळलं.

तीनेक महिन्यांनी दिराच्या नव्या घराची वास्तुशांत आली. पुरणपोळीची पंगत. तोवर माझं वजन बरंच उतरलं होतं, केस मात्र मुठीनं गळत होते. ते गळतात, आणि प्रथिनं नीट घेतली की बहुतेकांचे परत येतात. पण बायकांनी बघितलं आणि कुजबुज सुरू झाली. "काय झालंय हिला? केवढी ओढलीय!" पंगतीत बसले. नात्यातल्या एक आत्या पुरणपोळी घेऊन माझ्यापुढे उभ्या राहिल्या. मी हात जोडले. "अगं, प्रसादाची आहे, अर्धी तरी घे. माझ्या गळ्याची शपथ." शेजारच्या दोघी त्यांना सामील. पोळी ताटावर आलीच होती.

तेवढ्यात माई आल्या. तुपाचं भांडं खाली ठेवलं आणि आत्यांचा हात धरला. घट्ट. म्हणाल्या, "हिच्या ताटात मी सोडून कुणी वाढायचं नाही." सगळी पंगत गप्प झाली. माईंनी कमरेच्या पिशवीतून झाकणाची वाटी काढली. आत घोटलेलं मुगाचं वरण आणि कुस्करलेलं पनीर. पुरणाचा वाटाण्याएवढा गोळा प्रसाद म्हणून माझ्या तळहातावर ठेवला आणि म्हणाल्या, "जिभेला लाव. झालं."

आणि श्रोतेहो, मला जे सांगायचं आहे ते यानंतरचं आहे. माझ्या पलीकडे एक वयस्कर पाहुणे बसले होते, मधुमेहाचे. माई त्यांच्यापुढे गेल्या, थांबल्या आणि विचारलं, "किती वाढू?"

माईंनी विचारलं! मी लग्न होऊन आले तेव्हापासून त्यांच्या तोंडून हा प्रश्न ऐकला नव्हता. त्या पाहुण्यांनी आधी मान वर करून खात्री करून घेतली आणि म्हणाले, "पाव." माईंनी पाव वाढली, वर आग्रह नाही. पुढचीला विचारलं, किती वाढू? ती म्हणाली अर्धी. त्यापुढच्या पोरानं तीन मागितल्या, त्याला तीन मिळाल्या, तूपही सढळ मिळालं. अशी सगळी ओळ. पंगत उठली तेव्हा ताटांत उष्टं जवळजवळ नव्हतं. आत्या जराशा रुसल्या होत्या, पण दुसऱ्या पंगतीला त्यांनीही विचारायला सुरुवात केली.

हल्ली सगळीकडे बुफे झाले आहेत. लोक म्हणतात बरं आहे, आग्रह नाही, हवं तेवढं घ्या. मला बुफे आवडत नाही. हातात ताट घेऊन रांगेत उभं राहायचं, आपल्याकडे कुणी बघत नाही, कुणी विचारत नाही. पंगतीत माणूस माणसापुढे वाकून वाढतो, त्याची सर कशाला नाही. पंगत राहू दे. फक्त विचारून वाढा.

माझ्या प्रकृतीचं थोडक्यात सांगते. साखर तर वजनाच्याही आधी उतरायला लागली, औषधं डॉक्टरांनी कमी करत आणली. श्वासाचं मशीन तपासणी करूनच बंद झालं. पण गोळ्या सुटलेल्या नाहीत आणि सुटणारही नाहीत. बी-१२, लोह, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व, हे जन्मभराचं आहे. रोज किमान ६० ग्रॅम प्रथिनं, तीही जेवताना आधी खायची. दरवर्षी रक्ततपासणी. तरुण मुलींनी हेही ऐकून ठेवा, की ऑपरेशननंतर वर्ष-दीड वर्ष गर्भधारणा टाळायला सांगतात.

कुणाच्या घरी हे ऑपरेशन ठरलं असेल तर एक करा. आहारतज्ज्ञांकडे जाताना पेशंटबरोबर घरात जो स्वयंपाक करतो आणि जो वाढतो, त्यालाही न्या. पथ्य सगळ्या घराचं आहे. प्रश्न कागदावर लिहून न्या. एका वेळी किती मिलि, हे मापात दाखवायला सांगा. उलटी झाली तर पुढे किती वेळ काही द्यायचं नाही, ते विचारा. रात्री-अपरात्री कोणत्या नंबरवर फोन करायचा, ते विचारा. आणि ताप, छातीत धडधड, पोटात वाढत जाणारी कळ, दम लागणं, यातलं काहीही दिसलं तर सकाळची वाट बघू नका, त्याच क्षणी फोन करा. जठराच्या शिवलेल्या जागेतून आत गळती होत असेल तर एकेक तास मोलाचा असतो. तो नंबर फ्रिजवर लावा, मोठ्या अक्षरात, चष्म्याशिवाय वाचता येईल असा.

नमस्कार.