कैदी तपासासाठी दिला, जबाबदारी कोणाकडे राहिली?

मुंबईचे शेरीफपद मानाचे असल्यामुळे आपल्याकडे शेरीफ म्हटले की समारंभ आठवतात. अमेरिकेत मात्र बहुतेक काउंट्यांमध्ये, म्हणजे आपल्या जिल्ह्यांसारख्या विभागांमध्ये, शेरीफ हा लोकांनी निवडून दिलेला अधिकारी असतो आणि काउंटीचा तुरुंगही बहुधा त्याच्याच अखत्यारीत असतो. अशा तुरुंगातला एखादा कच्चा कैदी घटनास्थळ दाखवण्यासाठी किंवा जबाबासाठी काही तास बाहेर हवा, अशी मागणी तपास अधिकारी करतात, तेव्हा शेरीफने कशाच्या आधारावर त्याला सोडावे, हा आजच्या व्याख्यानाचा विषय आहे.

जुन्या इंग्लिश कायद्याने शेरीफला फार कठोर वागवले होते. कर्जापायी अटकेत असलेला ऋणको निसटला, तर सावकाराचे कर्ज शेरीफकडून वसूल होऊ शकत असे. त्या विचाराची छाया आजही दिसते. कॅलिफोर्नियाच्या दंडसंहितेतील कलम 4004 सांगते की कैद्याची कायदेशीर सुटका होईपर्यंत त्याला प्रत्यक्ष तुरुंगातच ठेवले पाहिजे आणि कायदेशीर आदेशाविना त्याला बाहेर मोकळे फिरू दिले, तर ते पलायनच समजावे. खटला चालू असताना पुरेसे कारण दिसल्यास न्यायालय त्याला बाहेर नेण्याची परवानगी देऊ शकते, पण शेरीफच्या ताब्यात ठेवूनच. म्हणजे तपास अधिकाऱ्याने नोंदवहीत सही करून कैदी नेला, एवढ्याने शेरीफ मोकळा होत नाही. माझ्या मते सगळा वाद याच सहीभोवती फिरतो, कारण दोन खात्यांतल्या सलोख्याला न्यायालयाच्या आदेशाची जागा घेता येत नाही.

धोका केवळ पलायनाचा नसतो. ‘होव्स विरुद्ध फील्ड्स’ या 2012 साली निकाली निघालेल्या खटल्यात मिशिगनच्या एका तुरुंगातील कैद्याला कोठडीतून काढून तुरुंगाच्याच बैठकीच्या खोलीत नेले आणि शेरीफच्या दोन हाताखालच्या अधिकाऱ्यांनी त्याची पाच ते सात तास चौकशी केली. कोठडीत परत जाता येईल, असे त्याला सांगितले होते, म्हणून सर्वोच्च न्यायालयाने गप्प राहण्याचा व वकिलाचा हक्क आधी वाचून दाखवण्याची सक्ती येथे मानली नाही. मात्र रात्रीची औषधे आपल्याला मिळाली नाहीत, असे त्याने साक्षीत सांगितले होते आणि त्यांत मूत्रपिंड प्रत्यारोपणानंतरची औषधेही होती. इमारतीबाहेर नेलेल्या कैद्याच्या बाबतीत ही औषधे कोणी द्यायची, हे आदेशातच लिहिलेले बरे.

कैद्याला इजा झाली, तर 1871 च्या नागरी हक्क कायद्यातून आलेल्या, हक्कभंगासाठी सरकारी अधिकाऱ्यांवर भरपाईचा दावा करू देणाऱ्या कलम 1983 खाली दावा लावता येतो. या कलमाखाली हाताखालच्या माणसाच्या चुकीसाठी वरिष्ठ आपोआप दोषी ठरत नाही. शिक्षा भोगणाऱ्या कैद्यांबाबत ‘फार्मर विरुद्ध ब्रेनन’ने 1994 साली कसोटी घालून दिली, ती अशी की गंभीर धोका माहीत असूनही अधिकाऱ्याने त्याकडे काणाडोळा केलेला असला पाहिजे. त्यामुळे कैद्याला मारहाण होण्याची शक्यता कळूनही त्याला हवाली करणारा शेरीफ अडचणीत येतो. ज्याला काहीच कल्पना नव्हती, तो बहुधा सुटतो.

इतके सिद्ध करूनही भरपाई काउंटीच्या तिजोरीतून मिळेलच, असे नाही. अलाबामातील शेरीफ कायदा राबवत असताना काउंटीचा नव्हे, तर राज्याचा अधिकारी ठरतो, असे सर्वोच्च न्यायालयाने 1997 साली ‘मॅकमिलियन’ खटल्यात म्हटले आणि काउंटीवरचा तो दावा तिथेच संपला.