परिक्रमेला निघताना बरोबर कोणते पुस्तक घ्यावे?

श्रोतेहो, नमस्कार.

दिवाळीच्या फराळाचे डबे रिकामे होऊ लागले, की ओळखीपाळखीचे कोणी ना कोणी माझ्या घरी येते आणि विचारते, "काका, यंदा नर्मदा परिक्रमेला निघतो आहे, बरोबर कोणते पुस्तक ठेवू?" कार्तिकी एकादशीला चातुर्मास संपतो, खंडव्यापर्यंत रेल्वेने आणि तिथून बसने नाशिककर ओंकारेश्वरी पोहोचतात, संकल्प सोडतात आणि नदी उजव्या हाताला ठेवून चालू लागतात. अमरकंटकपासून भरूचच्या खाली समुद्राला मिळेपर्यंत नर्मदेची लांबी 1,312 किलोमीटर आहे. दोन्ही तट धरले तर ती 2,600 किलोमीटरांच्या वर जाते आणि वळसे धरून पायांखालची वाट त्याहूनही लांबते. एवढ्या वाटेवर जे पुस्तक आपण पाठीवर वागवणार, ते निवडायला दुकानात एक निवांत तास दिलाच पाहिजे, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

मराठीत परिक्रमेवरच्या पुस्तकांना तोटा नाही. त्यांतली बहुतेक अनुभवकथने आहेत, आणि ती घरी बसून वाचावीत. मन तयार होते, भीती कमी होते, अपरिचित दारी भाकरी मिळते हा विश्वास बसतो. परंतु संध्याकाळी पाच वाजता, पाय भरून आलेले असताना, पुढचा आश्रम नाल्याच्या अलीकडे आहे की पलीकडे हे जाणून घ्यायचे असेल, तेव्हा लेखकाला त्या ठिकाणी काय वाटले याचा उपयोग होत नाही. तिथे मार्गदर्शिकाच हवी: तटानुसार गावे, अंतरे, मुक्कामाची जागा, सदाव्रत म्हणजे मोफत शिधा कुठे मिळतो, दुकान आणि दवाखाना कुठे आहे.

मार्गदर्शिका हातात घेतल्यावर मुखपृष्ठाच्या मागचे पान आधी उघडा. तिथे आवृत्तीचे वर्ष असते, पण त्यावर लगेच भिस्त ठेवू नका, कारण पुनर्मुद्रण आणि सुधारित आवृत्ती यांत फार अंतर आहे. जुनाच मजकूर नव्या वर्षाच्या शिक्क्यानिशी छापलेला असू शकतो. होशंगाबादचे नाव 2022 साली नर्मदापुरम झाले. 2023 नंतर छापलेल्या पुस्तकात जर केवळ होशंगाबाद असेल, तर मजकुराला कोणी हात लावलेला नाही असे समजायला हरकत नाही.

हे वर्ष इतके महत्त्वाचे का, याचे उत्तर धरणांत आहे. जबलपूरजवळचे बर्गी, मग इंदिरा सागर, ओंकारेश्वर आणि खाली गुजरातमध्ये सरदार सरोवर, अशी पाण्याची उतरंड नर्मदेवर उभी राहिली आणि काठाची वाट जागोजागी पाण्याखाली गेली. हरसूदसारखे नांदते गाव 2004 साली इंदिरा सागरासाठी उठले. सरदार सरोवर 2019 साली पहिल्यांदा 138.68 मीटरच्या पूर्ण पातळीपर्यंत भरले आणि बडवानीच्या राजघाटावर पाणी चढले.

मी दक्षिण तट तुकड्यातुकड्यांनी चाललो आहे. हंडियाच्या पुढे, ओंकारेश्वर यायच्या आधी, माझ्या हातातले पुस्तक सांगत होते की पुढचे गाव तीन किलोमीटरवर आहे आणि तिथे मारुतीच्या देवळात उतरायची सोय आहे. डांबरी रस्ता सरळ होता, दोन्ही बाजूंना गहू होता. अर्ध्या तासाने रस्ता उतारावर आला आणि तसाच, कडेच्या पांढऱ्या दगडांसकट, इंदिरा सागराच्या पाण्यात शिरला. शेतातल्या एका म्हाताऱ्या बाईने हाक मारली, "महाराज, वो गाँव तो पानी में है." तिने मला घरी नेले, चहा दिला आणि वळशाची वाट दाखवली. त्या वळशाने माझा पाऊण दिवस गेला. लेखकाने ती वाट प्रामाणिकपणे चालून लिहिली असेल, याविषयी मला शंका नाही. पण कधी चालली, हे त्याने कुठेही नोंदवलेले नव्हते.

आणि नुसते साल पुरत नाही, महिनाही हवा. नाशिककरांना हे समजावून सांगावे लागू नये. रामकुंडापुढच्या दुतोंड्या मारुतीच्या पायाशी उन्हाळ्यात आपण उभे राहतो, आणि गंगापूर धरणातून पाणी सोडले की त्याच मारुतीच्या कमरेला, छातीला पाणी लागले का यावर पुराची चर्चा करतो. नर्मदेवरची धरणे पावसाळ्याअखेरीस भरलेली असतात आणि चैत्र-वैशाखात उतरतात. कार्तिकात निघालेल्याला जिथे अथांग पाणी दिसते, तिथे उन्हाळ्यात चालणाऱ्याला कोरडी जमीन आणि पायवाट मिळू शकते. म्हणून ज्या पुस्तकात लेखक मुक्कामागणिक तारीख देतो, ते पुस्तक मी निःशंकपणे उचलतो.

दुकानात सगळे पुस्तक वाचणे शक्य नसते, तेव्हा तीन ठिकाणची पाने पाहावीत. पहिले इंदिरा सागराचे, ज्याविषयी सांगून झाले.

दुसरे शूलपाणी झाडीचे. ही झाडी आपल्याला परकी नाही, कारण आपल्याच नाशिक विभागातल्या नंदुरबार जिल्ह्याच्या उत्तर सीमेवरून नर्मदा वाहते. बडवानीच्या पुढे काही जण सातपुड्याच्या डोंगरातून धडगावच्या बाजूने जातात, तर काही जण खाली उतरून शहादा-प्रकाशाचा सपाटीचा रस्ता धरतात. चांगली मार्गदर्शिका दोन्ही वाटा देते आणि कोणत्या वाटेला चढ किती, पाणी कुठे, एकट्याने जावे की सोबत शोधावी, हे स्पष्ट सांगते. काही पुस्तके अजूनही तिथल्या भिल्लांच्या लुटीच्या कथांवर पानेच्या पाने खर्च करतात. ज्या पाड्यांवर आज परिक्रमावासीयांना बोलावून जेवू घालतात, त्यांच्याविषयी असे लिहीत राहणे मला अन्यायाचे वाटते, आणि त्यातून वाटही कळत नाही.

तिसरे पान समुद्राचे. परिक्रमावासी नदी ओलांडत नाही. दक्षिण तटावरच्या विमलेश्वरहून नावेत बसून खाडीतून उत्तर तटावरच्या मिठी तलाईला जातो. नाव भरतीच्या वेळेवर सुटते, त्यामुळे विमलेश्वरला थांबावे लागू शकते. याविषयी "नावेने पलीकडे जावे" एवढ्या एका ओळीवर भागवणारे पुस्तक खाली ठेवलेले बरे.

पानांचा क्रम हीसुद्धा किरकोळ गोष्ट नाही. उत्तर तटावर आपण समुद्राकडून अमरकंटककडे, म्हणजे प्रवाहाच्या उलट चालतो. काही पुस्तकांत मात्र दोन्ही तटांची गावे उगमापासून खाली दिलेली असतात, आणि मग अर्धी परिक्रमा पुस्तक उलटे वाचत करावी लागते. "पुलापासून डावीकडे" असे लिहिणारा कोणत्या दिशेला तोंड करून उभा आहे, हेही कळले पाहिजे. याचा अंदाज येण्यासाठी मी एक उपाय सुचवतो. एखाद्या रविवारी सकाळी सोमेश्वरहून रामकुंडापर्यंत शक्य तितके गोदेच्या काठाने चाला आणि नाशिक कधीही न पाहिलेल्या माणसासाठी ती वाट वहीत लिहून काढा. कुठे काठ सोडून गंगापूर रोडवर यावे लागले, कुठे परत उतरता आले, हे लिहिताना जी अडचण येते, ती एकदा अनुभवली की दुसऱ्याने लिहिलेली वाट नीट आहे की नाही हे दोन पानांत ओळखता येते.

हिंदीचे वावडे ठेवू नका. वाट बहुतांशी मध्य प्रदेशातून जाते आणि हिंदी पुस्तकातले पान गावातल्या माणसासमोर धरता येते. गुजरातमधल्या गावांची नावे गुजराती लिपीतही दिलेली असतील तर पाट्या वाचणे सोपे होते. रीतिरिवाजांचे एखादे पान जरूर हवे. आश्रमाच्या दारात "कितनी मूर्ती हैं?" असे विचारतात, तेव्हा माणसे किती एवढाच त्याचा अर्थ असतो, स्त्रियांना "माताराम" म्हणतात, ओंकारेश्वराचे मंदिर बेटावर असल्याने परिक्रमा चालू असताना तिथे जात नाहीत, दक्षिण तटावरच्या ममलेश्वराचे दर्शन घेतात. हे आधी ठाऊक असले की पहिल्या दिवसाचा गोंधळ टळतो.

राहता राहिले वजन. जाड कागदाचे, रंगीत छायाचित्रांचे पुस्तक चौथ्या दिवशी खांद्याला जाणवते. मी माझ्या पुस्तकाची शिवण उसवून दोन तटांचे दोन भाग करून घेतले, प्रत्येकाला पुस्तकबांधणी करणाऱ्याकडून खाकी कागदाचे वेष्टन आणि मागे सोळा कोरी पाने घातली. दक्षिण तटाच्या भागातली ती पाने आता भरली आहेत. त्यांतल्या पहिल्या पानावर त्या बुडालेल्या गावाचे नाव, मी तिथे पोहोचलो ती तारीख आणि म्हातारीने सांगितलेला वळसा लिहिलेला आहे. कार्तिकात निघणाऱ्या प्रत्येकाला ते पान मी उतरवून घ्यायला देतो.