माळ्यावरचा नंबर वन

श्रोतेहो, नमस्कार. दर तीन महिन्यांनी बातमी येते, अमुक कंपनीचा स्मार्टफोन देशात पहिल्या क्रमांकावर. ऐकलीत की आधी विचारा, मोजलं काय? आयडीसी, काउंटरपॉइंट अशा बाजाराचा अभ्यास करणाऱ्या संस्थांचे तिमाही आकडे बहुतेक शिपमेंटचे असतात. शिपमेंट म्हणजे कंपनीकडून वितरकांकडे, दुकानांकडे गेलेला माल. गिऱ्हाइकाच्या खिशात पडलेला नव्हे.

आमच्या मामांचं सांगलीत मोबाइलचं दुकान. ऐन पितृपंधरवड्यात, म्हणजे दुकानात माशा मारायच्या दिवसांत, डिस्ट्रिब्युटरचा माणूस टेम्पो घेऊन दारात. "शेठ, महिनाअखेर आहे, टार्गेट पुरं करायचंय. एवढा माल उचला, स्कीम मिळवून देतो." मामा भिडस्त. घेतला. ठेवायचा कुठे? घरात, माळ्यावर, पापडांच्या डब्यांशेजारी. दसऱ्याला थोडा खपला. दिवाळी झाली, तुळशीचं लग्न झालं, बाकीची खोकी जागची हलेनात. रोज पायपुसण्यापाशी उभ्या उभ्या मामी वर बघायच्या, बोलायच्या काही नाहीत. आणि एका सकाळी मामांनी पेपरातली बातमी मोठ्यानं वाचली: गेल्या तिमाहीत तीच कंपनी पहिली! मामी हातातला झाडू न ठेवताच म्हणाल्या, "अहो, मग त्या नंबर वनला जरा खाली काढा. धूळ तरी झटकते."

तर शिपमेंट म्हणजे पाठवलेला माल. पुन्हा सांगतो, पाठवलेला, विकलेला नव्हे.

मोबाइलवरच्या इंटरनेटचं गणित आणखी वेगळं. स्टॅटकाउंटर नावाची कंपनी वेबसाइटची उघडलेली पानं मोजते. पानं, माणसं नव्हे. दिवसभर क्रिकेटचा स्कोअर बघणारा भाचा तिथे शंभरदा मोजला जाईल. फक्त व्हॉट्सॲपवर नातवाशी बोलणारी आजी एकदाही नाही. ऑक्टोबर 2016 मध्ये मोबाइलनं कॉम्प्युटरला मागे टाकलं म्हणून जगभर गाजावाजा झाला, 51.3 टक्के! ती टक्केवारीही पानांचीच, आणि त्यात टॅब्लेटसुद्धा धरलेले.

2017 साली आलेला जिओफोन आठवतोय? बटणांचा, काईओएस या साध्या फोनांसाठीच्या सॉफ्टवेअरवर चालणारा. तो फीचर फोन, म्हणजे साधा फोन, म्हणून स्मार्टफोनच्या शिपमेंटमध्ये त्याचं नाव नाही. पण त्यावर उघडलेली पानं मोबाइल इंटरनेटच्या टक्केवारीत बसलेली. मग हे दोन तक्ते शेजारी ठेवून लोक भांडतात, की तुझा खोटा.