शोपाँचे चौथे प्रील्यूड : लय कोणत्या हातात?

(पडद्यावर : चर्चमधल्या ऑर्गनच्या उंच नळ्या. त्यानंतर एका रिकाम्या सभागृहातला पियानो, झाकण उघडे.)

३० ऑक्टोबर १८४९ रोजी पॅरिसच्या मादलेन चर्चमध्ये पियानोवादक आणि संगीतकार फ्रेडरिक शोपाँ याचा अंत्यविधी झाला. त्याच्या मृत्यूला तेव्हा तेरा दिवस झाले होते. त्या दिवशी मोझार्टचे ‘रेक्विएम’, म्हणजे मृतांसाठीची प्रार्थना, गायले गेले आणि लफेब्यूर-वेली या वादकाने शोपाँची दोन प्रील्यूड, म्हणजे पियानोसाठीच्या छोट्या स्वतंत्र रचना, ऑर्गनवर वाजवली. त्यांपैकी एक ई मायनरमधले (‘ई’ हा आधारस्वर असलेल्या, उदास छटेच्या स्वरसमूहातले), म्हणजे ओपस २८ या चोवीस प्रील्यूडांच्या संचातले चौथे होते. अवघ्या पंचवीस बारांची (बार म्हणजे स्वरलिपीत उभ्या रेघांनी पाडलेला लयीचा एक खंड) ही रचना छापील स्वरलिपीच्या एका पानात मावते आणि बोटांच्या कसरतीच्या दृष्टीने इतकी सोपी आहे, की दोन-तीन वर्षे शिकलेला विद्यार्थीही तिचे सगळे स्वर बिनचूक वाजवू शकतो. स्वर बिनचूक वाजतात आणि तरीही रचना हाती लागत नाही, हा अनुभव मात्र पुष्कळांचा आहे.

या प्रसंगात एक विसंगती आहे. ऑर्गनची पट्टी दाबून धरली की स्वर तसाच राहतो आणि बोट उचलेपर्यंत त्याचा आवाज तसूभरही कमी होत नाही. पियानोत एक हातोडी तारेवर आपटते आणि त्या क्षणापासून स्वर विझू लागतो; वादकाने पट्टी कितीही घट्ट धरली तरी त्याला तो वाढवता येत नाही. हे प्रील्यूड या विझण्यावरच उभे आहे, आणि शोपाँला निरोप देताना ते वाजले मात्र स्वर न विझणाऱ्या वाद्यावर.

तेव्हापासून या रचनेला जे सुतक लागले ते आजही पुरते फिटलेले नाही. हान्स फोन ब्यूलो या पियानोवादकाने या प्रील्यूडला ‘गुदमर’ अशा अर्थाचे नाव दिले, तर आल्फ्रेद कोर्तो या पियानोवादकाला त्यात थडगे दिसले. स्वतः शोपाँने चोवीसपैकी एकाही प्रील्यूडला नाव दिलेले नाही, आणि अशी शीर्षके चिकटवण्याचा त्याला तिटकाराच होता. शोकाची कल्पना चुकीची आहे असे नाही. परंतु पहिल्या बारापासून अंत्ययात्रेच्या पावलांनी चालायचे ठरवले, की वादकाच्या हाती पुढे बदलण्यासारखे काहीच उरत नाही.

(पडद्यावर : मायोर्का बेटावरचा वाल्देमोसाचा मठ. दगडी ओवरी, पाऊस.)

ही चोवीस प्रील्यूड १८३८-३९ च्या हिवाळ्यात मायोर्का बेटावर पूर्ण झाली. शोपाँ तेथे जॉर्ज सां ही लेखिका आणि तिची दोन मुले यांच्याबरोबर प्रकृतीसाठी गेला आणि ओल्या हवेने अधिकच आजारी पडला. पॅरिसहून मागवलेला प्लेयेल कंपनीचा छोटा उभा पियानो जकातीच्या घोळात अडकला आणि त्याच्यापर्यंत पोहोचला तो जानेवारीत. मठ, पाऊस आणि खोकला यांची ही कथा इतक्या वेळा सांगितली गेली आहे, की माहितीपटात ती यावीच लागते. म्हणून आम्हीही ती सांगितली. वाजवणाऱ्याला तिचा फारसा उपयोग नाही. त्याच्या उपयोगाच्या गोष्टी कागदावर आहेत आणि त्यांतली पहिली अगदी सुरुवातीलाच आहे.

(पडद्यावर : हस्तलिखिताचा वरचा डावा कोपरा, जवळून.)

स्वरलिपीच्या ओळींच्या वर ‘लार्गो’ लिहिलेले आहे, म्हणजे संथ, ऐसपैस. परंतु त्याच्याच खाली, मात्रांची खूण लिहिण्याच्या जागी, इंग्रजी ‘सी’सारखे एक अक्षर आहे आणि त्यातून उभी रेघ आरपार गेलेली आहे. या रेघेचा अर्थ असा, की प्रत्येक बारात चार नव्हे तर दोनच ठोके मोजायचे. डाव्या हाताला एका बारात आठ कॉर्ड (कॉर्ड म्हणजे एकदम वाजणारा स्वरांचा गुच्छ) वाजवायच्या असल्या, तरी त्या आठही स्वतंत्र पावले नसून चार-चारांच्या दोन झुळका आहेत. ही बारीक रेघ जो पाहत नाही त्याचा लार्गो आठ खिळे ठोकल्यासारखा वाजतो, आणि जो पाहतो त्याच्या हातात तेवढीच संथ लय वाहू लागते.

या प्रील्यूडसाठी शोपाँने मेट्रोनोमचा, म्हणजे ठरावीक वेगाने टिकटिकणाऱ्या लययंत्राचा, आकडा दिलेला नाही. तरुणपणीच्या एट्यूडांवर, म्हणजे बोटांच्या सरावासाठीच्या रचनांवर, त्याने असे आकडे घातले होते. पुढे त्याने ते देणे सोडले. त्याचा शिष्य मिकुली सांगतो, की शोपाँच्या पियानोवर मेट्रोनोम नेहमी ठेवलेला असे. त्याचे लयीचे भान पक्के होते आणि शिष्यांच्या लयीबाबत तो कडक होता. या एका पानाला कोणी दीड मिनिट घेतो तर कोणी अडीच, आणि नावाजलेल्या वादकांच्या ध्वनिमुद्रणांतही हा फरक ऐकू येतो. म्हणून किती संथ वाजवायचे, हा प्रश्न आम्हाला फारसा फलदायी वाटत नाही. ठरवलेली लय कोठे सैल सोडायची आणि तोपर्यंत ती कोणाच्या हाती सांभाळायची, याचा विचार अधिक उपयोगी पडतो.

(पडद्यावर : डावा हात, अगदी जवळून. करंगळी, मधले बोट, अंगठा.)

डाव्या हाताकडे पाहा. पहिल्या बारात एकच कॉर्ड आठ वेळा येते आणि त्यानंतर ती खाली घसरू लागते; बहुतेक वेळा तीन स्वरांपैकी एखादाच अर्ध्या स्वराने उतरतो आणि उरलेले दोन आपापल्या जागी थांबलेले असतात. पडद्यावरची वादक बोटे पट्ट्यांवरून उचलत नाही. पट्टी अर्धी वर येते न येते तोच ती पुन्हा दाबली जाते, त्यामुळे दोन कॉर्डांच्या मधली फट ऐकू येत नाही. आजच्या ग्रँड पियानोत एरार कंपनीने १८२१ मध्ये आणलेल्या यंत्रणेचे सुधारित रूप असते आणि त्यामुळे अशी पुनरावृत्ती सहज साधते. शोपाँच्या आवडत्या प्लेयेल पियानोत ती यंत्रणा नव्हती. त्याला बोटांवरच अधिक विसंबावे लागत असणार.

आता ज्या क्षणी स्वर बदलतो तो क्षण ऐका. दुसऱ्या बाराच्या मध्यावर अंगठ्याखालचा ‘ई’ अर्ध्या स्वराने खाली येतो. वादक त्या कॉर्डवर जोर देत नाही. तिच्या आधीची कॉर्ड ती किंचित हलकी घेते आणि बदललेल्या स्वराला बसायला केसभर जास्त अवकाश देते. घड्याळ लावले तर हा वेळ सेकंदाचा एक छोटासा अंश भरेल. एवढ्यानेच कानाला कळते, की जमीन सरकली. प्रत्येक बदलावर अशी खूण करायला गेले तर ऐकणारा कंटाळतो, म्हणून पहिल्या चार बारांत तिने अशा दोनच जागा निवडल्या आहेत आणि बाकीचे बदल ती गाजावाजा न करता होऊ देते.

(पडद्यावर : उजवा हात. एक बोट पट्टीवर स्थिर.)

उजव्या हातात त्या वेळी जवळजवळ काहीच घडत नसते. एक लांब ‘बी’ आणि त्याच्या टोकाला एक छोटा ‘सी’, पुन्हा लांब ‘बी’, पुन्हा ‘सी’. ‘ई’ला षड्ज मानले तर हे पंचम आणि कोमल धैवत होतात, भैरवातला धैवत झुलत पंचमावर उतरताना ज्यांनी ऐकला आहे, त्यांना या दोन स्वरांमधली ओढ समजावून सांगावी लागणार नाही. मात्र गळ्याला धैवतावर आंदोलन घेता येते, पियानोला नाही. लांब ‘बी’ वाजून तीन मात्रा विझत गेलेला असतो, आणि त्यानंतरचा ‘सी’ सहजपणे दाबला तर तो टोचल्यासारखा मोठा वाजतो. म्हणून ‘बी’ विझता विझता जेथे पोहोचला आहे, नेमक्या त्याच आवाजात ‘सी’ उचलावा लागतो. शोपाँ शिष्यांना इटालियन ऑपेराचे गायक ऐकायला सांगत असे. त्यामागे हेच असावे, की दोन स्वर एका श्वासात कसे बांधायचे हे बोटांना गळ्याकडूनच शिकता येते.

येथे ‘रुबातो’ या शब्दाचा उलगडा करायला हवा. त्याचा मूळ अर्थ चोरलेला वेळ. एका स्वराला थोडा जास्त वेळ द्यायचा आणि दुसऱ्याकडून तो वळता करायचा. डावा हात हा वाद्यवृंदाचा संचालक आहे, त्याने डळमळू नये आणि उजव्याने हवे तसे गावे, ही शोपाँची शिकवण त्याच्या शिष्यांनी नोंदवून ठेवली आहे. विलंबित ख्याल ऐकणाऱ्या मराठी श्रोत्याला ही कल्पना परकी वाटू नये. तबलजी ठेका धरून असतो, गायक त्यावर मागे-पुढे होत राहतो आणि समेवर दोघे भेटतात.

पण या प्रील्यूडमध्ये ही व्यवस्था उलटी होते आणि आमच्या मते हेच या रचनेचे खरे कोडे आहे. येथे गाणारा हात एका स्वरावर थबकलेला आहे आणि सगळा भाव ठेका धरणाऱ्या हाताकडे सोपवलेला आहे. लय सांभाळायची ती त्याच हाताने आणि हळवे व्हायचे तेही त्यानेच. त्यामुळे ‘उजवा मोकळा, डावा बांधलेला’ हा नियम येथे जसाच्या तसा लावला, तर रचना शिवणयंत्रासारखी चालते; आणि नियम सोडून डाव्या हाताला प्रत्येक कॉर्डवर उसासे टाकू दिले, तर चौथ्या बारापर्यंत लय उरतच नाही. पडद्यावरच्या वादकाने काढलेला मार्ग असा आहे, की अर्ध्या बाराचा मोठा ठोका ती ढळू देत नाही आणि त्याच्या पोटातल्या चार कॉर्डांना आपसांत थोडी देवघेव करू देते.

(पडद्यावर : स्वरलिपी. बारावा बार.)

बाराव्या बारात डावा हात थांबतो आणि उजवा हात एकटाच एक छोटी वळणदार फिरत घेऊन मूळ स्वरावर परततो. येथे वेळ घेण्याची मुभा आहे. घेऊ नये असे आम्ही म्हणणार नाही, पण फार रेंगाळू नये, कारण खरा खर्च पुढे आहे.

तेराव्या बारापासून सुरुवातीचीच गोष्ट पुन्हा सुरू होते, परंतु या वेळी घसरण्याचा वेग वाढलेला असतो. सोळाव्या बारात शोपाँ ‘स्ट्रेटो’ असा शब्द लिहितो, म्हणजे आवळत, घाईने. आतापर्यंत सगळी रचना संथपणाची सवय लावत आली आणि आता ती म्हणते, पळा. पुढच्याच बारात जोराची खूण आहे. जो उजवा हात एका पट्टीवर खिळून होता तो मोठ्या उड्या मारू लागतो आणि डावा हात खोल खर्जात उतरतो. बहुतेक नवशिके येथे मोठे वाजवतात पण धावत नाहीत, कारण त्यांना शोकात धावणे शोभत नाही असे वाटते. शब्द मात्र स्पष्ट आहे. पहिले पंधरा बार ज्याने धीराने, मोठा ठोका न मोडता वाजवले, त्याचेच हे धावणे ऐकणाऱ्याच्या अंगावर येते. आधीपासूनच लय ताणत-सोडत आलेल्याचा स्ट्रेटो आणखी एक हेलकावा होऊन निघून जातो.

आवेग दोन-तीन बारांतच ओसरतो. या ओसरण्यातही लगेच ब्रेक दाबू नये, तर आवाज आधी उतरू द्यावा आणि लय त्याच्या मागून उतरावी, असे या वादकाचे म्हणणे आहे आणि ऐकताना ते पटते. शेवटाकडे ‘स्मोर्झांदो’ येते, म्हणजे विझत जाणारे, आणि तेविसाव्या बारात एक विचित्र, न सुटलेली कॉर्ड लागून सगळे थांबते. त्यानंतर शोपाँने विराम लिहिला आहे आणि त्या विरामाच्या डोक्यावर फर्माता, म्हणजे कमान आणि ठिपका, काढला आहे. स्वर लांबवण्याची ही खूण येथे शांततेवर आहे. ती किती लांबवायची हे सभागृहावर, पियानोवर आणि समोरच्या माणसांच्या खोकल्यावरही अवलंबून असते; वादकाने आकडे मोजून ते ठरवू नये, पण हात मात्र हलवू नये, कारण हात हलला की लोकांना रचना संपली असे वाटते.

(पडद्यावर : दोन्ही हात पट्ट्यांच्या अगदी जवळ, न हलता.)

मग अतिशय मंद आवाजात तीन कॉर्ड येतात, दोन चोविसाव्या बारात आणि एक पंचविसाव्यात. सुरुवातीच्या कॉर्डमध्येही ई मायनरचेच स्वर होते, पण तिच्या तळाशी ‘ई’ नव्हता, ‘जी’ होता. आपल्या पायावर नीट बसलेली ई मायनरची कॉर्ड संपूर्ण रचनेत प्रथम येते ती या शेवटच्या बारात. वादक तिन्ही कॉर्ड समान अंतराने ठेवते आणि शेवटचीला वेगळा हळवेपणा देत नाही. तळाचा ‘ई’ ती बाकीच्या स्वरांहून किंचित जड घेते, पेडल, म्हणजे स्वर वाजत ठेवणारा पायाखालचा खटका, धरून ठेवते, आणि वरचे स्वर आधी विझून तो एकटा ऐकू येऊ लागेपर्यंत पाय उचलत नाही.

(पडद्यावर : पेडलवरचा पाय. तो सावकाश वर येतो. शांतता.)