सुटे नसतील तर दुकानदाराचं नाणं

नमस्कार श्रोतेहो. "सुटे नाहीत" म्हणत दुकानदार हातावर चॉकलेट ठेवतो, हा अनुभव चिपळूणपासून वेंगुर्ल्यापर्यंत सगळ्यांचाच. तेच चॉकलेट दुसऱ्या दिवशी त्याला देऊन काडेपेटी मागून बघा!

अमेरिकेतल्या दुकानदारांनी मात्र परत घेता येईल असं काहीतरी दिलं होतं. १८६२ साल, यादवी युद्ध पेटलेलं. लोकांनी आधी सोनं-चांदी दडवली, मग साधे सेंटही. पोस्टाची तिकिटं नाण्यांसारखी फिरू लागली, पण ती हाताला चिकटायची, फाटायची. जॉन गॉल्ट नावाच्या गृहस्थानं तिकीट पितळी चकतीत घालून वर अभ्रक लावायची युक्ती काढली. मग दुकानदारांनी सेंटाएवढी तांब्याची टोकनंच पाडून घेतली. काहींवर मोठ्या अक्षरांत 'एक सेंट' आणि वर बारीक 'नाही'! कायद्यातून निसटायची ही हुशारी मला भारीच वाटते.

पण टोकन चालतं ते दुकानदाराची बाजारात पत असेल तोवरच. न्यूयॉर्कच्या लिंडेनम्युलर या बिअरवाल्यानं ढीगभर टोकनं बाजारात सोडली. थर्ड ॲव्हेन्यू रेल्वेनं भाड्यात ती घेतली, आणि साठलेली बदलून मागितली तेव्हा त्यानं चक्क हात वर केले. १८६४मध्ये सरकारनं खाजगी नाण्यांवर बंदीच घातली.

दुसऱ्या महायुद्धात आपल्याकडेही हीच टंचाई. रुपयाचे तेव्हा ६४ पैसे. मुंबईच्या चाकरमान्याची मनीऑर्डर आली, तरी नोट मोडल्याशिवाय चार पैशांचं मीठ-मिरची कुठून आणणार? गरजेपेक्षा जास्त नाणी साठवणं गुन्हा ठरलं. काठेवाडातल्या काही संस्थानांनी पुठ्ठ्याची कूपनं काढली. विचार करा, मालवणच्या वाण्यानं अशी चिठ्ठी दिली असती, तर गिऱ्हाईक पुन्हा त्याच्याच दारात. खाडीपलीकडे ती कोण घेणार? आणि चिठ्ठी परत येईपर्यंत वाण्याला बिनव्याजी पैसे वापरायला मिळाले, ते वेगळंच.

सरकारनं १९४३मध्ये भोकाचा पैसा काढला. वजन जुन्या पैशाच्या निम्म्याहूनही कमी, तेवढाच धातू वाचला. आजीच्या ट्रंकेत तो सापडला, तर दुर्मीळ म्हणून हुरळू नका, असे पुष्कळ आहेत. पण चिंच लावून घासूही नका. घासलेल्या नाण्याला संग्राहक कमीच किंमत देतात. आणि सोबत एखाद्या दुकानाचं नाव छापलेला पुठ्ठ्याचा तुकडा निघाला, तर तो आधी बाजूला काढून ठेवा.