पहिली तार निषादावर

श्रोतेहो, नमस्कार. शिक्षणात खंड पडला तर विद्यार्थ्याचे गाणे स्वतःचे कसे होते, हे मी एका विद्यार्थिनीकडून शिकले. तिचीच हकिगत सांगते.

मार्च २०२० मध्ये वर्ग बंद झाले आणि तालीम व्हिडिओ कॉलवर सुरू झाली. पहिल्याच आठवड्यात ती म्हणाली, "ताई, तुमचा तानपुरा मला ऐकूच येत नाही." क्षणभर नाद पोहोचे आणि विरून जाई. ही यंत्रणा बोलण्यासाठी घडवलेली असते. एकसारखा चालणारा नाद तिला पंख्याच्या घरघरीसारखा वाटतो आणि ती तो गाळून टाकते. एकत्र गाण्याचीही सोय नव्हती, कारण आवाज पोहोचायला साधारण ३० मिलिसेकंदांहून अधिक उशीर झाला की लय मागे ओढली जाऊ लागते आणि कॉलवरचा उशीर त्याहून पुष्कळ जास्त असे.

शेवटी असे ठरले की तिने स्वतःच्या तानपुऱ्यावर गावे आणि आठवड्याला एकच ध्वनिमुद्रण पाठवावे. एकच. ते एक निवडण्यासाठी ती पंधरा-वीस वेळा गाई आणि दर वेळी स्वतःला ऐके. चौथ्या महिन्यात यमन रागाचा आलाप आला. मी तिला तानपुऱ्याची पहिली तार पंचमावर, म्हणजे 'प'वर, लावायला शिकवली होती. तिने ती निषादावर, म्हणजे 'नी'वर, लावली होती आणि गाताना खालच्या सप्तकातल्या, मंद्र निषादावर ती इतकी थांबली होती की षड्ज, म्हणजे 'सा', आला तेव्हा घर सापडल्यासारखे वाटले. खाली लिहिले होते, "पंचमावर लावली की माझा निषाद मला उपरा वाटतो." ती समोर असती तर दुसऱ्याच श्वासाला मी "गंधारावर ये" म्हटले असते आणि तो निषाद तिथेच संपला असता.

गुरूची दाद तत्काळ मिळते, म्हणून शिष्याचा कान तिच्यावर रेलतो. ती दाद उशिरा आली की कानाला स्वतः ठरवावे लागते. पुन्हा सांगते, स्वतः ठरवावे लागते. क्षयामुळे सुमारे पाच वर्षे गाणे बंद असताना कुमार गंधर्व अंथरुणावरून माळव्याची लोकगीते ऐकत राहिले, आणि त्या ऐकण्याची खूण त्यांच्या पुढच्या गाण्यात स्पष्ट दिसते.

 

खंडाने नुकसानही केले. संगतीची सवय तुटल्यामुळे ती परत आली तेव्हा तबल्याबरोबर समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, येताना वारंवार चुकत होती. विलंबित एकतालाचे, म्हणजे संथ लयीतल्या बारा मात्रांच्या तालाचे, काम आम्ही पुन्हा पहिल्या मात्रेपासून घेतले. तिच्या पहिल्या तारेला मात्र मी हात लावला नाही.