मागच्या सीटखालचा पंप

(दृश्य : चोर्ला घाट. केरीकडून वर चढणारी हॅचबॅक, झटके मारत.)

केरी मागे पडली की चढ सुरू होतो. साखळीपर्यंत ही गाडी सुरळीत आली. इथे अ‍ॅक्सिलरेटर दाबला तरी ओढत नाही, झटके मारते. पाय जरा सैल केला की पुन्हा चालायला लागते. अशा वेळी पेट्रोलमध्ये भेसळ असेल, प्लग गेले असतील, क्लच घसरत असेल, असे तर्क निघतात. मागच्या सीटखाली, टाकीत बुडालेल्या फ्युएल पंपाचं नाव बहुधा शेवटी निघतं.

सपाटीवर इंजिनाला थोडं पेट्रोल पुरतं. चढावर, दुसऱ्या गिअरमध्ये, मागणी एकदम वाढते. दमलेल्या पंपाला ती झेपत नाही. हवा जास्त आणि पेट्रोल कमी झालं की इंजिन मिस मारतं, आणि असंच चालवत राहिलं तर सायलेन्सरच्या वाटेवरचा, धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टरही खराब होतो. तो पंपापेक्षा महाग.

(दृश्य : गॅरेज. चावी ऑन. मागच्या सीटजवळ धरलेला माइक.)

आवाज ऐका. चावी ऑन केल्यावर साधारण दोन सेकंद बारीक गुणगुण येते आणि थांबते. ती यायलाच हवी. गाडी चालू असताना सतत शिट्टीसारखा आवाज येत असेल, गरम गाडी बंद पडून अर्ध्या तासाने काही न करता पुन्हा सुरू होत असेल किंवा सकाळी सेल्फ बराच वेळ मारावा लागत असेल, तर पंप तपासायची वेळ झाली.

(दृश्य : काळी पाटी, पिवळी अक्षरं. इंधनाचा काटा लाल रेघेवर.)

गोव्यात हा काटा फार ओळखीचा. भाड्याची गाडी घेणारा दिवसापुरतं पेट्रोल भरतो, परत देताना टाकी रिकामी करूनच देतो. पुढचा पर्यटकही तेच करतो. पण पंपाची मोटर थंड राहते ती तिच्यातून वाहणाऱ्या आणि तिच्याभोवतीच्या पेट्रोलमुळे. बऱ्याच गाड्यांत पंप एका छोट्या भांड्यात बसवलेला असतो, म्हणून रिझर्व्हवरही लगेच जळत नाही. तरी घाटाच्या चढावर आणि वळणावर पेट्रोल एका बाजूला सरकतं, पंप हवा ओढतो आणि तापतो. काटा पाव टाकीखाली जाऊ देऊ नका.

(दृश्य : इंजिनाला पेट्रोल पोचवणाऱ्या रेलच्या नळीला जोडलेलं प्रेशर गेज, जवळून.)

पंप बदलण्याआधी गेज लावा. गेज न लावता कोणी थेट नवा पंप बसवत असेल, तर त्याला थांबवा. या गाडीला पेट्रोलचं प्रेशर सुमारे 3 बार हवं. काही मॉडेलना 4 लागतात, म्हणून आकडा मॅन्युअलमधून घ्यावा. इथे काटा 2 वर अडकलाय. मग पंपाच्या कनेक्टरवर व्होल्टेज. इंजिन बंद असताना बॅटरीला 12.6 व्होल्ट आणि पंप चालू असताना कनेक्टरवर साडेदहा दिसले, तर दोष वायरिंगचा, रिलेचा किंवा अर्थिंगचा. किनाऱ्याजवळ उभ्या राहणाऱ्या गाड्यांत अर्थिंगचा बोल्ट खारट हवेने हिरवा पडलेला सापडतो; पॉलिश पेपर मारला की बिल वाचतं. इथे कनेक्टरवर व्होल्टेज पुरेसं आहे, म्हणजे टाकी उघडावी लागणार.

(दृश्य : सीट उचललेली. ब्रशने लाल धूळ झाडणारे हात.)

आधी पंपाचा फ्यूज काढून इंजिन आपोआप बंद होईपर्यंत चालवायचं, म्हणजे नळीतलं प्रेशर उतरतं. बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडायची. पंपाच्या झाकणाभोवतीची तांबडी धूळ ब्रशने आणि व्हॅक्यूमने काढायची, नाहीतर ती थेट टाकीत पडते. झाकण धरून ठेवणारी लॉक रिंग सैल करताना लोखंडी छिन्नी वापरायची नाही, लाकडी ठोकळा पुरतो, कारण एक ठिणगी पुरे. काम उघड्यावर, फायर एक्स्टिंग्विशर हाताशी. पंप बाहेर काढताना तिरका करावा, म्हणजे पेट्रोलची पातळी मोजणाऱ्या फ्लोटची काडी वाकत नाही. वाकली तर इंधनाचा काटा खोटं बोलायला लागतो.

ही पंपाची जाळी. मूळची पांढरी, आता काळपट, बोटाला गाळ लागतो. जाळी तुंबली की पंप जास्त जोर लावतो आणि लवकर संपतो. नवा पंप जुन्या जाळीवर बसवणं म्हणजे पैसे पाण्यात. टाकीचा तळही पुसून घ्यावा. पावसाळ्यात टाकीत पाणी शिरलं, तर इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलमध्ये पाणी आणि इथेनॉल एकत्र होऊन पेट्रोलपासून वेगळे पडतात आणि तळाशी बसतात, आणि पंप तिथूनच ओढतो.

(दृश्य : पणजीचा अटल सेतू, वरून. वाहती रहदारी.)

पुलावर, मधल्या लेनमध्ये इंजिन बंद पडलं तर स्टिअरिंग जड होतं आणि ब्रेकला एक-दोन दाबांपुरताच व्हॅक्यूम उरतो. हॅझर्ड लावा, डावीकडे घ्या, ब्रेक एकदाच घट्ट दाबा, थांबेपर्यंत चावी काढू नका.

(दृश्य : नवी रबरी रिंग. गेजचा काटा 3 वर.)

झाकणाखालची रबरी रिंग प्रत्येक वेळी नवी. चावी दोन-तीनदा ऑन-ऑफ, झाकणाभोवती ओल दिसत नाही ना ते पाहायचं, मगच सीट खाली.

काही पंप चालकाच्या चुकीशिवायही जातात. ऑक्टोबर 2024 मध्ये होंडा कार्स इंडियाने 90,468 जुन्या गाड्या पंपातल्या सदोष इम्पेलरसाठी, म्हणजे पेट्रोल ढकलणाऱ्या फिरत्या चक्रासाठी, परत बोलावल्या आणि बदल मोफत ठेवला. तुमच्या गाडीसाठी अशी काही मोहीम आहे का, हे कंपनीच्या संकेतस्थळावर किंवा सर्व्हिस सेंटरला चॅसी नंबर देऊन कळतं. पैसे मोजण्याआधी तेवढं बघा.